एकाचे अनेक

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत अनेकवचनाचे प्रकरण दोन-तीन पानांत आटोपलेले असते. नामास ‘एस्’ जोडला म्हणजे एकाचे अनेक झाले, हे पहिले वाक्य. त्याखाली ‘ईएस्’ची यादी, मग ‘वाय्’ जाऊन ‘आयईएस्’, मग ‘एफ्’चा ‘व्ही’, आणि शेवटी मॅन-मेन, फूट-फीट, ऑक्स-ऑक्सन, शीप-शीप अशी अपवादांची पंगत. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली पिढी घ्या, की रेन आणि मार्टिन यांच्या जाड्या पुस्तकावर वाढलेली घ्या. हे प्रकरण सर्वांनी पाठ केलेले असते, आणि त्यात समजण्याजोगे काही नाही, घोकण्याजोगेच सारे आहे, असा सर्वांचा समज असतो. आम्हांस हा समज मान्य नाही. आमचा पिंड संस्कृताचा. तीर्थरूपांच्या समोर मांडी घालून शब्दरूपावली म्हटली, अमर पाठ केला, मॅट्रिक झालो आणि शिक्षकी पत्करली. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा चंद्रपूर जिल्हा अखंड होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. पुढील सारी नोकरी या दोन जिल्ह्यांतील रानाच्या कडेच्या गावांतच झाली. संस्कृत व मराठी हे आमचे विषय. परंतु अशा गावांत एखादा शिक्षक रजेवर गेला की वर्ग कोणाच्याही वाट्यास येतो, त्यामुळे इंग्रजीच्या वह्याही वर्षानुवर्षे हातांखालून गेल्या. त्या वह्यांवरून जे दिसले ते सांगावयाचे आहे.

आमच्याकडील मुलास निबंधाचा विषय ठरलेला, ताडोबाचे जंगल. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. तेव्हापासून तर परीक्षकांस दुसरा विषयच सुचत नाही. मुलगा लिहितो, ‘आय सॉ टू टायगर’, आणि पुढच्याच ओळीत, ‘आय सॉ फाइव्ह डीअर्स’. पहिल्या ठिकाणी ‘एस्’ नाही म्हणून लाल खूण, दुसऱ्या ठिकाणी ‘एस्’ आहे म्हणून लाल खूण. मास्तर कपाळास हात लावतात की याला जेथे पाहिजे तेथे नेमके नको, आणि जेथे नको तेथे पाहिजे! पण जरा थांबून मुलाच्या तोंडची मराठी ऐकावी. मराठीत एक वाघ, दोन वाघ. अकारान्त पुल्लिंगी नाम अनेकवचनात हलत नाही. मोर, बैल, उंदीर, साप, सर्वांची हीच रीत. उलट हरीण नपुंसक. एक हरीण, पाच हरणे. सांबर-सांबरे, चितळ-चितळे, अस्वल-अस्वले. म्हणजे ज्या प्राण्यास इंग्रजी ‘एस्’ लावते त्यास मराठी काही लावीत नाही, आणि ज्यास मराठी एकार लावते तो इंग्रजीत कोराच राहतो. मुलाने दोन्ही ठिकाणी आपल्या घरचे व्याकरण अगदी बिनचूक चालविले आहे. अशा मुलास मठ्ठ म्हणणे म्हणजे उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातून आलेल्या पाहुण्यास वेंधळा म्हणण्यापैकीच होय.

तीच गोष्ट धान्याची. आमचा पूर्वेकडील मुलूख धानाचा. घरी आई म्हणते, ‘तांदूळ महाग झाले’, ‘तांदूळ निवडायचे आहेत’. तांदूळ मराठीत अनेकवचनीच चालतो, गहूही तसाच. मग मुलाने ‘राइस आर कॉस्टली’ असे लिहिले तर त्यात नवल ते काय? इंग्रजास तांदूळ म्हणजे एक रास, मराठी माणसास ते दाणे. बरे, इंग्रजीचे तरी तत्त्व एक असावे, तर तेही नाही. गहू ‘व्हीट’ म्हणून एकवचनी आणि ओट हे धान्य ‘ओट्स’ म्हणून अनेकवचनी. केसांचेही असेच. आपले केस पांढरे होतात, त्यांचे ‘हेअर’ पांढरे होते. बातमी आपल्याकडे एक असते, बातम्या पुष्कळ असतात. ‘न्यूज’ दिसावयास अनेकवचनी आणि चालावयास एकवचनी.

कात्रीस ‘सिझर्स’ आणि विजारीस ‘ट्राउझर्स’ असे सदा अनेकवचन का, म्हणून मुले हसतात. संस्कृत शिकलेल्याने मात्र यास हसू नये. ज्या भाषेत पत्नीस ‘दाराः’ असा शब्द आहे, तोही पुल्लिंगी आणि तोही नित्य अनेकवचनी, त्या भाषेच्या अभ्यासकास कात्रीच्या दोन पात्यांचे कसले आश्चर्य? पाणी ‘आपः’ म्हणून अनेकवचनी, प्राण अनेकवचनी, लाजा अनेकवचनी. मराठीतही अक्षता टाकल्या जातात, एक अक्षता कोणी टाकीत नाही; डोहाळे लागतात, कांजिण्या येतात, हाल होतात. भाषा कोणती वस्तू मोजते आणि कोणती मोजत नाही, हे तिच्या घरचे रीतिरिवाज आहेत. सोवळ्यातल्या वस्तू कोणत्या हे जसे त्या त्या घरात राहूनच कळते, तसे हे.

आता खुद्द त्या ‘एस्’कडे वळू. आमच्या अल्पमतीप्रमाणे शाळांत सर्वांत मोठी उणीव येथे राहते, आणि ती भरून काढण्याचे साधन आपल्याच घरात अडगळीत पडलेले आहे. लिहिताना एकच ‘एस्’ दिसतो, पण उच्चारात ते तीन निरनिराळे प्रत्यय आहेत. कॅट्स, बुक्स, कप्स यांत शुद्ध सकार ऐकू येतो. डॉग, पेन, ट्री यांचे डॉग्ज़, पेन्ज़, ट्रीज़ होते. तेथे सकार नाही, ‘जाळे’ यातील दंततालव्य जकाराच्या जवळचा, पण अधिक मऊ असा ध्वनी आहे. आणि बस, बॉक्स, चर्च, जज्ज यांच्यापुढे बसिज़, बॉक्सिज़ असा मध्ये इकार घेऊन येतो. यातील गमक कोणते? क, ट, प हे अघोष वर्ण. त्यांच्यामागून येणारा प्रत्ययही अघोष. ग, ड, ब, अनुनासिके आणि सर्व स्वर घोष. त्यांच्यामागून येणारा प्रत्ययही घोष. आणि शब्दाच्या अंती आधीच ऊष्म किंवा त्यासारखा घर्षणाचा वर्ण असेल, तर दोन सारखे वर्ण एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये स्वर. घोष आणि अघोष हा भेद आपल्या शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी दोन सहस्र वर्षांहून अधिक काळापूर्वी रेखून ठेविला. वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, जगत् आणि ईश मिळून जगदीश होतो, हे आठवीचे पोर जाणते. फरक एवढाच की आपल्या संधीत पुढे येणाऱ्यासाठी मागच्याने नमते घ्यावयाचे, आणि इंग्रजीच्या या प्रत्ययात मागच्याचा मान राखून पुढच्याने बदलावयाचे. एवढे सांगितले की ‘ईएस्’ची यादी पाठ करावी लागत नाही. जीभ आपोआप तेथे जाते, कारण हा नियम कागदाचा नसून तोंडाचा आहे. ‘नाइफ’चे ‘नाइव्ज़’, ‘लीफ’चे ‘लीव्ज़’ ही त्याच घोषाची करामत; अघोष फकाराच्या जागी घोष वकार येऊन बसतो.

ही तीन रूपे इंग्रजांच्या मुलांस कोणी शिकवीत नाही, तरी ती त्यांस येतात. जीन बर्को नावाच्या अमेरिकन विदुषीने १९५८ साली याचा मोठा सुरेख पडताळा प्रसिद्ध केला. चार ते सात वर्षांच्या मुलांपुढे तिने एका काल्पनिक पाखराचे चित्र ठेविले आणि सांगितले, हा एक ‘वग’. मग तशी दोन पाखरे दाखवून विचारले, आता हे दोन कोण? असा शब्द जगात नाही, मुलांनी तो कधी ऐकलेला नाही. तरी बहुतेकांनी तात्काळ ‘वग्ज़’ म्हटले, आणि तेही घोष प्रत्ययासह. मध्ये इकार येणाऱ्या रूपांत मात्र तीच मुले पुष्कळदा अडखळली. म्हणजे लहान मूल शब्द घोकीत नाही, नियम उचलते. पोपटाची उपमा मुलांस देणाऱ्यांनी या पाखराचे स्मरण ठेवावे.

मग ‘शीप’ आणि ‘डीअर’ यांनीच असे काय पुण्य केले की त्यांस प्रत्यय नको? याचे उत्तर इंग्रजीच्या जुन्या रूपात आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीस आपल्यासारखीच तीन लिंगे होती, विभक्ती होत्या, आणि सर्वनामांत द्विवचनसुद्धा होते. तेराव्या शतकानंतर ते लुप्त झाले. नपुंसकलिंगी नामांचा एक वर्ग असा होता की त्यास प्रथमेच्या अनेकवचनात काही लागत नसे. ‘शीप’ आणि ‘डीअर’ हे त्या वर्गातील उरलेले वारस. ‘हाउस’ही त्याच वर्गातला, पण त्याने पुढे ‘एस्’ स्वीकारला. ‘डीअर’ या शब्दाचा जुना अर्थ केवळ हरीण असा नव्हता. कोणत्याही श्वापदास तो लावीत. पुढे ज्याची शिकार अधिक त्यास तो चिकटून राहिला. संस्कृत जाणणाऱ्यास येथे आपला ‘मृग’ आठवल्यावाचून राहत नाही. मृग म्हणजे मुळात कोणताही वन्य पशू. म्हणून सिंह मृगेंद्र आणि शिकार ती मृगया. पुढे मृग म्हणजे हरीण असा संकोच झाला. दोन दूरच्या देशांत दोन शब्दांनी एकच वाट चालावी, हे पाहून आम्हांस फार दिवस कौतुक वाटत आले आहे.

साहेबी शिकाऱ्यांची भाषा तर याहून पुढे गेली. ज्याची शिकार करावयाची त्याचे अनेकवचन करावयाचे नाही, असा त्यांचा शिरस्ताच पडला. ते आमच्या गव्यास ‘बायसन’ म्हणत आणि तीन मारले तरी ‘थ्री बायसन’च म्हणत.

‘ऑक्सन’मधील ‘एन्’ हाही असाच एका मोडलेल्या घराण्याचा अवशेष. एके काळी ‘एस्’ आणि ‘एन्’ या दोन प्रत्ययांत चांगलीच चुरस होती. इंग्लंडात पहिला छापखाना घालणारा विल्यम कॅक्स्टन याने १४९० साली एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट सांगितली आहे. टेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वाऱ्याअभावी किनाऱ्यास थांबले आणि एका घरी जाऊन त्यांतील एकाने ‘एग्ज़’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यासही येत नव्हती. तो आपला इंग्रजीच बोलत होता. अखेर दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ असा शब्द उच्चारला तेव्हा बाईस कळले की यांस अंडी हवी आहेत. उत्तरेकडचे ‘एग्ज़’, दक्षिणेकडचे ‘आयरेन’. एकाच्या अंती ‘एस्’, दुसऱ्याच्या अंती ‘एन्’. वऱ्हाडातून आलेली सून आणि झाडीपट्टीतील सासू यांच्या स्वयंपाकघरात असे प्रसंग आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. असो. ‘चिल्ड्रन’मध्ये तर एकावर एक असे दोन अनेकवचनी प्रत्यय आहेत; पहिल्याचे अनेकत्व लोक विसरले, म्हणून वर ‘एन्’ चढविला. ‘फूट’चे ‘फीट’, ‘माउस’चे ‘माइस’ यांत पूर्वी शेवटी एक इकार होता. त्याने आधीच्या स्वरास आपल्याकडे ओढून घेतले आणि मग तो स्वतः झडून गेला. पाहुणा यावा, घरातील पलंग हलवून ठेवावा आणि निघून जावे, तसे.

आणि ज्या ‘एस्’ने शेवटी बाजी मारली, तो तरी कोण? जुन्या इंग्रजीत दगडास ‘स्तान’ आणि दगडांस ‘स्तानस्’ म्हणत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळच्या असल्याचे मत मांडले. पुढील शतकात पंडितांनी त्या गोत्राची वंशावळ बारकाईने लाविली. तीनुसार आपल्या ‘देवाः’ या रूपातील विसर्ग, जो मूळचा सकारच, आणि इंग्रजांचा हा अनेकवचनी ‘एस्’ एकाच कुळातले ठरतात. ज्या ‘एस्’साठी आमच्या पोरांनी एवढे फटके खाल्ले, तो असा नात्यातला निघावा, ही गोष्ट विनोदी म्हणावी की दुःखद, हे आम्हांस ठरविता आलेले नाही.

फटक्यांची गोष्ट निघालीच आहे म्हणून एक प्रसंग सांगतो. गाव आणि शाळा यांची नावे सांगण्याचे कारण नाही. सातवीच्या वर्गात एक माडिया मुलगा होता. घरची भाषा निराळी. त्या भाषाकुलात नामांचे पुरुषवाचक आणि इतर असे दोनच वर्ग, आणि इतरांपैकी पुष्कळांच्या अनेकवचनाअंती ककार ऐकू येतो. मराठी त्याने शाळेतच शिकली. ‘बाप शेतात जाते’ असे तो प्रथम म्हणे. वडील माणसाविषयी मराठीत अनेकवचनाने बोलावे, ‘माझे वडील शेतकरी आहेत’ असे म्हणावे, हे आम्ही त्यास शिकविले, आणि ते त्याने इतके मनापासून घेतले की शाळेच्या शिपायाविषयीसुद्धा तो ‘आले’, ‘गेले’ असेच बोले. पुढे इंग्रजीत वडिलांवर चार ओळी लिहावयाच्या होत्या. त्याने लिहिले, ‘माय फादर आर अ फार्मर’. इंग्रजी शिकविणाऱ्या सहाध्यापकांनी ती वही वर्गात मोठ्याने वाचली आणि त्यास उभे करून विचारले, ‘काय रे, तुला बाप किती?’ वर्ग हसला. मुलगा हसला नाही, रडलाही नाही. वही घेऊन खाली बसला. आईविषयी त्याने लिहिले होते, ‘माय मदर वर्क्स इन द फील्ड’. तेथे बरोबरची खूण होती. मराठीत आईस आपण अनेकवचन देत नाही, ‘आई जाते’ असेच म्हणतो, म्हणून तेथे तो वाचला. वडिलांस मान दिला तेथे शून्य, आईस दिला नाही तेथे गुण.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्या गृहस्थांस म्हटले की, तुम्ही त्या एकट्या मुलास दिवसभर ‘यू आर’ म्हणता, ते कोणत्या हिशेबाने? ‘यू’ हे मुळात अनेकवचन. एकास ‘दाउ’ म्हणण्याची रीत होती. पुढे फ्रेंचांच्या पाहून मोठ्या माणसास ‘यू’ म्हणू लागले, आपण ‘तू’ टाकून ‘तुम्ही’ म्हणतो तसेच. आणि सतराव्या शतकाच्या सुमारास ‘दाउ’ सामान्य बोलण्यातून मागे पडला. आज इंग्रज रस्त्यावरच्या कुत्र्यासही ‘यू आर’ म्हणतो, तेव्हा त्यास कोणी विचारीत नाही की कुत्री किती. या मुलाने इंग्रजांनी स्वतःस लावलेलाच नियम एका पायरीने पुढे नेला. सहाध्यापक शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, तुमचे सारे खरे, पण परीक्षक हे ऐकणार आहे का?’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. रूप चुकीचेच होते आणि ते सुधारणेही अवश्य होते. परंतु सुधारण्यास दोन वाक्ये पुरली असती: ‘मराठीत वडिलांस क्रियापदानेही मान देतात; इंग्रजीत तो मान मनात ठेवितात, क्रियापदात दाखवीत नाहीत.’ सातवीच्या मुलास हे कळते. त्या मुलास तर सर्वांआधी कळले असते, कारण एका भाषेतून दुसरीत जाताना काय टाकावे आणि काय घ्यावे हे तो रोजच करीत होता. उन्हाळ्यात तो तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी घरी गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याची जागा रिकामी होती. आम्ही निरोप पाठविला, एकदा स्वतः जाऊन आलो. वडील घरी होते. त्यांनी आम्हांस खाटेवर बसविले, मोहाच्या सावलीत पाणी दिले आणि म्हणाले, ‘तो येत नाही म्हणते.’

ही गोष्ट २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या पुष्कळ आधीची. त्या कायद्याने मुलास मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे ही दोन्ही वर्ज्य केली. इंग्रजीही तेव्हा पाचवीपासून असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ती पहिलीपासून झाली. म्हणजे जे मूल अजून घरची भाषा सोडून मराठीत पाय ठेवीत आहे, त्याच्यापुढे त्याच वेळी तिसऱ्या भाषेचे अनेकवचन येते. घरोघरी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आया, आज्या आणि काकवा यांस आमची एवढीच विनंती आहे की, चुकीवर रेघ ओढण्यापूर्वी तेच वाक्य मुलाकडून मराठीत म्हणवून घ्यावे. दहापैकी सात वेळा चूक कोठून आली ते तेथेच दिसते.

आपली मराठी तरी परक्यास काय सोपी आहे? १८०५ साली विल्यम केरी यांनी श्रीरामपुरास मराठीचे व्याकरण छापले, तेव्हापासून किती साहेबांनी या अनेकवचनापुढे हात टेकले असतील! वीट-विटा, पण भिंत-भिंती. दोन्ही अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी, आणि का म्हणून विचारले तर उत्तर नाही. नदीच्या नद्या, सासूच्या सासवा, शाळेच्या मात्र शाळाच. केळे एक आणि केळी अनेक. पण केळ हे झाड धरले तर त्याच्याही केळी. आपण हे सारे आईच्या कडेवर शिकलो, म्हणून ते आपणांस सरळ वाटते.

इंग्रजी शब्द आपल्याकडे आले तेव्हा त्यांनाही या घराचे नियम पाळावे लागले. सायकल स्त्रीलिंगी ठरली म्हणून सायकली. तिकीट नपुंसक म्हणून तिकिटे. डॉक्टर पुरुष म्हणून दोन डॉक्टर, दहा डॉक्टर. आधी लिंग, मग वचन, असा मराठीचा दंडक. काही शब्द मात्र आपले ‘एस्’चे गाठोडे घेऊनच आत शिरले, एस.टी.त ‘एक लेडीज उभ्या आहेत’ असे वाहक म्हणतो, आणि ‘बसेस’ तर सुशिक्षित घरांतही रुळल्या आहेत. आपल्याकडून गेलेल्या शब्दांचेही तिकडे असेच झाले. मुंगूस हा आपला मराठी शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत गेला आणि ‘मंगूस’ झाला. त्याच्या शेपटास त्यांचा ‘गूस’, म्हणजे हंस, दिसतो; हंसाचे अनेकवचन ‘गीस’; मग मुंगसांचे ‘मंगीस’ का होऊ नये? होत नाही. ‘मंगूसिज़’ असे होते, कारण हंसाशी त्याचे नाते नाही, ते आमच्या रानातल्या बिळातून गेलेले आहे. एका गृहस्थाची गोष्ट सांगतात की त्यास दोन मुंगसे मागवावयाची होती. दोन्ही रूपे लिहून पाहिली, धीर होईना, शेवटी लिहिले, ‘कृपया एक मुंगूस पाठवावे’, आणि खाली ताजा कलम, ‘त्याबरोबर आणखी एक पाठवावे’.

गेल्या दिवाळीत मुले-नातवंडे एकत्र जमली असता त्या ‘वग’चा प्रयोग आम्ही घरीच करून पाहिला. पाटीवर एक विचित्र चतुष्पाद काढला आणि सांगितले, याचे नाव ‘डिंबूक’. मग दोन काढले. पुण्यास इंग्रजी शाळेत जाणारी नात क्षणाचाही विलंब न लावता ‘डिंबूक्स’ म्हणाली, आणि ककारापुढे शुद्ध अघोष सकारच उच्चारला. तेच मराठीत विचारले तेव्हा मात्र ती थांबली. पाटीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘आजोबा, आधी हे सांगा, तो डिंबूक, ती डिंबूक, की ते डिंबूक?’ आम्ही म्हटले, तू ठरव. तिने बोटे मोजून सांगितले: तो असेल तर दोन डिंबूक, ती असेल तर डिंबुका, ते असेल तर डिंबुके. शेजारच्या बिऱ्हाडातील मुलगी तेथेच फराळाचे ताट घेऊन बसली होती. तिचे माहेर-आजोळ सारे सिरोंच्याकडचे, घरी तेलुगू चालते. ती इतका वेळ या बोटे मोजण्याकडे पाहत होती. चकलीचा तुकडा तोंडात ठेवून ती म्हणाली, ‘डिंबूकुलु’, आणि तो आहे की ती आहे याची तिने चौकशीही केली नाही.